आठ हजारांत न मावलेला आवाज

माझ्याकडे आजीच्या आवाजाची एकच फाइल आहे. चार मिनिटं अकरा सेकंदांची, चारशे केबीच्या आसपास, नावाच्या शेवटी ‘एएमआर’ असलेली. २०११ च्या दिवाळीत संग्रामपूरच्या घरी, बाबांच्या बटणांच्या फोनवर मी ती रेकॉर्ड केली होती. मी नववीत होतो. घरातलं जातं तोवर अंगणाच्या कोपऱ्यात गेलं होतं, त्यावर कुंडी ठेवलेली होती. पण त्या रात्री कुणीतरी विषय काढला आणि आजी जात्याजवळ बसून, खुंटा नसलेल्या जात्यावर नुसताच हात फिरवत, तिला आठवतील त्या ओव्या म्हणत गेली. २०१४ मध्ये आजी गेली. फाइल मात्र एका फोनातून दुसऱ्या फोनात, मेमरी कार्डातून लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपमधून क्लाउडवर अशी टिकून राहिली.

गेल्या मे महिन्यात मी ती आजीच्या धाकट्या बहिणीला ऐकवली. तिला आम्ही लहानी आजी म्हणतो. मला वाटलं होतं, ती रडेल. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे अक्का नाही. हे फोनातली अक्का हाय.”

पुण्यात मी एका कंपनीत आवाजावर काम करतो. लोक कस्टमर केअरला फोन करतात, त्यांचं बोलणं मजकुरात बदलणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यामुळे लहानी आजी काय म्हणतेय हे मला लगेच कळलं. इतकी वर्षं ती फाइल मी हजारदा ऐकली होती, पण तिचे गुणधर्म कधी उघडून पाहिले नव्हते. आता पाहिले. सॅम्पलिंग रेट : ८००० हर्ट्झ.

हा आकडा आला कुठून, तो कोणी ठरवला, आणि माझ्या आजीचा आवाज त्यात का मावला नाही, हे शोधत मी बराच मागे गेलो. आधी मूळ गोष्ट सांगतो, कारण ती नीट सांगितली नाही तर पुढचं सगळं आकड्यांचं ओझं वाटेल.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. डिजिटल रेकॉर्डर हा दाब सलग टिपत नाही. तो ठरावीक वेळाने डोकावतो, त्या क्षणाचा आकडा लिहितो, पुन्हा डोकावतो. एका सेकंदात किती वेळा डोकावायचं, तो सॅम्पलिंग रेट. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फिरणारा पंखा कधी उलटा फिरताना दिसतो, कधी थांबल्यासारखा, हे तुम्ही पाहिलं असेल. पंख्याचा वेग कॅमेऱ्याच्या डोकावण्याच्या मानाने जास्त असला की कॅमेरा खोटं सांगू लागतो. आवाजाचंही तसंच. सेकंदाला ८००० वेळा डोकावत असाल तर ४००० हर्ट्झपर्यंतचेच स्वर खरे टिपता येतात. ५००० हर्ट्झचा स्वर आत आला तर तो ३००० हर्ट्झचा म्हणून नोंदला जातो, म्हणजे जो स्वर नव्हताच तो ऐकू येतो. म्हणून मोजण्याच्या आधीच एक गाळणी लावून वरचे स्वर काढून टाकावे लागतात. ‘काढून टाकावे लागतात’ हे शब्द लक्षात ठेवा.

या निम्म्याच्या हिशेबाचं श्रेय सहसा दोन नावांना देतात. बेल कंपनीच्या हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात तो मांडला आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. मध्ये १९३३ मध्ये रशियात कोटेलनिकोव्हनेही तेच स्वतंत्रपणे लिहिलं होतं, पण पश्चिमेकडे ते बराच काळ कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात आम्हाला हे प्रमेय एका तासात शिकवलं आणि परीक्षेत पाच गुणांना आलं. त्या तासात एक गोष्ट मात्र सुटली. प्रमेय फक्त एवढंच सांगतं की अमुक एक वरची मर्यादा हवी असेल तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजा. वरची मर्यादा कुठे धरायची, हे प्रमेय सांगत नाही. ते माणसं ठरवतात, आणि ठरवताना त्यांच्या हाताशी असलेली यंत्रं, खिशातले पैसे आणि डोळ्यांसमोरचा ऐकणारा या तिन्हींचा हिशेब त्यात असतो.

८००० हा आकडा टेलिफोनचा आहे. लांब पल्ल्याच्या एकाच तारेवरून अनेक संभाषणं पाठवायची तर प्रत्येकाला किती जागा द्यायची, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा. उत्तर ठरलं ४००० हर्ट्झ, आणि त्यातही प्रत्यक्ष आवाज साधारण ३०० ते ३४०० मध्येच. बोललेलं समजलं पाहिजे, बोलणारा ओळखू आला पाहिजे, बस. अॅलेक रीव्ह्ज नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३७-३८ च्या सुमारास आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात व्यापारी वापरात आली १९६२ मध्ये, अमेरिकेत बेलच्या टी-वन यंत्रणेतून. ४००० ची दुप्पट ८०००, प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. जगभरातल्या डिजिटल टेलिफोनचं माप तेव्हापासून हेच.

ते संग्रामपूरपर्यंतही आलं. १९८४ मध्ये सी-डॉट सुरू झालं आणि खेड्यांसाठी लहान डिजिटल एक्स्चेंज बनू लागली. धूळ आणि उन्हाळा सोसणारी, एसी नसला तरी चालणारी. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ त्यानंतरच गावोगावी उगवले. बाहेरगावी गेलेल्या पोराचा आवाज बुथमध्ये उभं राहून ऐकणाऱ्या आयांनी तो सेकंदाला ८००० वेळा मोजलेलाच ऐकला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तार महाग होती, आणि पोराचा आवाज येणं न येण्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

गडबड झाली ती पुढे. मोबाइल आले तेव्हा त्यांचं आवाज दाबून लहान करण्याचं तंत्र, एएमआर, याच ८००० वर बांधलेलं होतं. फोनच्या आत ते तयारच होतं, म्हणून स्वस्त फोनांमधल्या ‘व्हॉइस रेकॉर्डर’लाही तेच जोडून दिलं. मिनिटाला शंभर केबीच्या आत काम भागायचं. म्हणजे माझी आजी माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, मध्ये कुठलीच तार नव्हती, कुठलंच एक्स्चेंज नव्हतं, तरी तिचा आवाज ट्रंक कॉलच्या मापात बसवला गेला. (सगळा दोष सॅम्पलिंग रेटचा नाही हेही सांगायला हवं. एएमआर उरलेल्या आवाजालाही बरंच चेपतं. पण चेपलेलं काही अंशी तरी शाबूत असतं. गाळलेलं नसतंच.)

काय गेलं ते मी स्पेक्ट्रोग्रामवर पाहिलं. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचा नकाशा : आडवा काळ, उभी उंची, जिथे आवाज तिथे उजेड. आजीच्या फाइलमध्ये ४००० च्या वर सरळ रेषेत काळोख आहे, पत्र्याची कड मारावी तसा. त्या काळोखात सगळ्यात आधी रातकिडे गेलेत. दिवाळीच्या सुमारास, रात्री, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातलं अंगण, आणि रेकॉर्डिंगमध्ये रातकिडे जवळजवळ नाहीत. इतकी वर्षं मला हे खटकलं नव्हतं.

मग गेला ‘स’. ‘स’ हा नुसता दातांतून सुटणारा वारा आहे, आणि त्याची बरीचशी ताकद ४००० च्या वरच असते. ‘श’ थोडा खाली असतो, म्हणून तो थोडाफार वाचतो. फोनवर नाव सांगताना आपण “एस, एस फॉर सातारा” असं का ओरडतो, त्याचं कारण हेच.

आणि मराठीची स्वतःची अशी एक गोष्ट गेली. ‘चार आंबे’ मधला च आणि ‘वासराला चार’ मधला च वेगळे आहेत. ‘सारं जग’ मधला ज आणि ‘सुखानं जग’ मधला ज वेगळे आहेत. आपण ते एकाच अक्षराने लिहितो, शाळेत कुणी त्यांना वेगळी नावं दिलेली नसतात, पण बोलताना एकही मराठी माणूस चुकत नाही. दातांजवळच्या च-ज मध्ये ‘स’ आणि ‘झ’ सारखा घर्षणाचा बारीक आवाज असतो, आणि तो वरच्या पट्टीतला. ८००० मध्ये तो निम्म्याहून जास्त गळतो. लिपीत हा फरक नाही, त्यामुळे तो टिकवायची जागा एकच : माणसाचं तोंड, किंवा त्या तोंडाचं चांगलं रेकॉर्डिंग.

उलट वऱ्हाडीची जी खूण सगळ्यांना माहीत असते, डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’, ती आजीच्या फाइलमध्ये शाबूत आहे. तो फरक खालच्या पट्टीत राहतो. म्हणजे आजीची वऱ्हाडी वाचली, दातांतला वारा गेला. आजीचे समोरचे दोन दात पडलेले होते. तिचा ‘स’ तिचा एकटीचाच होता. लहानी आजीला जे सापडलं नाही ते बहुधा हेच.

असं पहिल्यांदाच घडलं असं नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, अर्थात कागदावर. पुढे १९१० आणि १९२० च्या दशकांत सर्वेक्षणासाठी देशभरातल्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या करून घेतल्या गेल्या. उधळ्या मुलाची तीच एक गोष्ट कित्येक भाषांत सांगितलेली. त्या तबकड्या आता शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात बसल्याजागी ऐकता येतात. १९२५ च्या आधी मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग नव्हतं. माणूस कर्ण्यात ओरडायचा आणि त्या जोराने सुई खाच कोरायची. कर्ण्यातून वरची पट्टी जवळजवळ जातच नसे. त्या तबकड्या ऐकताना मला एकदम आजीची फाइल आठवली. शंभर वर्षांचं अंतर, यंत्रांचं काही नातं नाही, पण ‘स’ दोघांतही बोबडा.

आता गाण्याकडे येतो, कारण तुम्ही कधी कुठलं रेकॉर्डिंग अॅप उघडलं असेल तर तिथे ८००० नाही, दोन वेगळे आकडे दिसले असतील : ४४.१ आणि ४८. मला कॉलेजपासून प्रश्न पडायचा की ४४.१ हा असला विचित्र आकडा कुणी काढला. माणसाला ऐकू येतं २० हजार हर्ट्झपर्यंत, तेही तरुणपणी. दुप्पट ४० हजार. गाळणी एकदम कड्यासारखी कापू शकत नाही, तिला उताराला थोडी जागा लागते, म्हणून ४० च्या थोडं वर. हे ठीक. पण मग ४२ का नाही? ४५ का नाही?

उत्तर टीव्हीत आहे. १९७० च्या दशकात डिजिटल आवाजाचा इतका मोठा लोंढा साठवेल अशी हार्डडिस्क कुणाला परवडत नव्हती. तेवढा मजकूर मावेल असं एकच स्वस्त यंत्र होतं, ते म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डर. मग सोनीच्या इंजिनिअरांनी आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रात बदलून व्हिडिओ टेपवर लिहायला सुरुवात केली. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजण्या बसत. युरोपच्या टीव्हीत सेकंदाला ५० अर्धचित्रं आणि प्रत्येकात वापरता येतील अशा २९४ ओळी. ५० गुणिले २९४ गुणिले ३, झाले ४४१००. अमेरिका-जपानच्या टीव्हीत ६० अर्धचित्रं आणि २४५ ओळी. ६० गुणिले २४५ गुणिले ३, पुन्हा ४४१००. दोन्हीकडच्या यंत्रांवर चालणारा आकडा सापडला. फिलिप्स आणि सोनीने सीडीचं माप ठरवलं तेव्हा तोच उचलला. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सीडी विक्रीला आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं होतं, त्याच ५० अर्धचित्रांच्या पद्धतीचं. संगीताचं जग पुढची कित्येक वर्षं ज्या मापाने मोजलं गेलं ते कानावरून आलंय त्यापेक्षा जास्त टीव्हीच्या ओळींवरून आलंय, हे कळलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो होतो.

४८ ची कुळी वेगळी आहे. बीबीसी १९७२ पासून रेडिओचे कार्यक्रम एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर ३२ हजारांवर पाठवत होती. सिनेमाची २४ चित्रं, टीव्हीची २५ किंवा ३०, या सगळ्यांनी ४८ हजारला पूर्ण भाग जातो. ८, १६, ३२ यांच्याशीही त्याचा हिशेब सोपा. म्हणून ध्वनी-अभियंत्यांच्या संघटनेने १९८४ मध्ये व्यावसायिक कामासाठी ४८ हजारची शिफारस केली. ४४.१ आणि ४८ मात्र एकमेकांत सहज बदलत नाहीत. त्यांचं गुणोत्तर १४७ ला १६० असं येतं, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांच्या कित्येक रात्री या दोन आकड्यांनी खाल्ल्या आहेत.

१९८७ मध्ये डॅट टेप आली. काडेपेटीहून थोडी मोठी, पण सीडीच्या तोडीचं डिजिटल रेकॉर्डिंग हातात धरून करता येईल अशी. रेकॉर्ड कंपन्या घाबरल्या, आता लोक सीडीच्या हुबेहूब प्रती काढणार. म्हणून सुरुवातीच्या घरगुती डॅट यंत्रांत ४४.१ ऐकता येई, पण त्यावर रेकॉर्ड करता येत नसे, रेकॉर्डिंग ४८ वर. सॅम्पलिंग रेटचा कुलूप म्हणून वापर झाल्याचं हे मला सापडलेलं एकमेव उदाहरण. घरोघरी डॅट कधीच गेली नाही. पण लोकगीतं आणि भाषा गोळा करत फिरणाऱ्यांच्या झोळीत ती बसली, आणि चोरांच्या भीतीने बसवलेला ४८ त्यांना आयताच मिळाला.

याच काळात, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पुण्यात जात्यावरच्या ओव्यांचं मोठं रेकॉर्डिंग चालू होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आधी वर्षानुवर्षं गावोगाव ओव्या लिहून घेतल्या होत्या. एक लाखाहून जास्त. मग बर्नार्ड बेल हा संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारा माणूस त्यांना येऊन मिळाला. त्याने त्या ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभराहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग केलं. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ओव्या येतायत. मी त्या हेडफोन लावून ऐकल्या. जात्याची घरघर खाली, बाईचा आवाज वर, मध्येच बांगड्या. बांगड्या ऐकून मला अवघडल्यासारखं झालं. आजीच्या फाइलमध्ये बांगड्या नाहीत. ती हात फिरवत होती, तिच्या हातात बांगड्या होत्या, हे मला डोळ्यांनी आठवतं.

म्हणून मे महिन्यात मी ठरवलं, लहानी आजीचं रेकॉर्डिंग करायचं. आणि इथे माझी चूक सांगायची आहे.

पहिल्या तीन संध्याकाळी मी १६ हजारवर रेकॉर्ड केलं. सवयीने. आमच्या कामात सगळं १६ हजारवर चालतं. २०२२ मध्ये खुलं झालेलं व्हिस्पर हे बोलणं ओळखणारं मॉडेल १६ हजारच मागतं, बाकीचीही बहुतेक तेवढंच. ४जी वरचे कॉल, ज्यांचा आवाज अचानक स्वच्छ वाटू लागला, तेही १६ हजारचेच. माझ्या डोक्यात ‘बोलणं म्हणजे १६’ हे इतकं पक्कं बसलं होतं की पर्याय निवडताना मी विचारही केला नाही. चौथ्या दिवशी फाइल उघडली. ८००० च्या वर तोच पत्र्याचा काळोख, फक्त थोडा उंच सरकलेला. लहानी आजीचा ‘स’ त्यात बऱ्यापैकी आहे. पण त्याचं टोक कापलेलं आहे, आणि बांगड्यांची किणकिण अर्धी.

मी तिला म्हटलं, पहिल्या दिवशीची गोष्ट पुन्हा सांगशील का, ती दोघी बहिणी शेगावला पायी निघाल्या होत्या ती. ती म्हणाली, “एकदा सांगतली ना बाप्पा.” दुसऱ्यांदा सांगितली, पण ती तीच नव्हती. पहिल्यांदा सांगताना ती ज्या ठिकाणी थांबली होती, तिथे आता थांबली नाही.

मित्र म्हणतात, १६ ला काय झालं, समजतंय ना सगळं. समजतंय. पण कुणाला समजतंय आणि कशासाठी? बोलणं ओळखणाऱ्या मॉडेलला फक्त शब्द हवे असतात, माणूस नको असतो. त्याच्यासाठी १६ योग्यच आहे, उद्या ऑफिसात मी पुन्हा १६ च वापरणार. जपून ठेवायचं रेकॉर्डिंग हे वेगळं काम आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक सूचना कमीत कमी ४८ हजार आणि २४ बिट सांगते, आणि बोलणं आहे म्हणून त्यात सूट देत नाही. पूर्वी मला हा सरकारी छाप अतिरेक वाटायचा. तो अतिरेक नाही, हे मला आमच्याच तालुक्यातल्या एका भाषेमुळे पटलं.

संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा चढू लागतो. अंबाबरवा अभयारण्य तिकडेच. त्या पायथ्याला, आमच्या आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात, जामोद, सोनबर्डी, वसाली अशा गावांतून निहाली बोलणारे लोक राहतात. दोन-अडीच हजार माणसं असतील. निहाली मराठीसारखी नाही, कोरकूसारखी नाही, द्राविडी भाषांसारखीही नाही. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. शाळेत असताना बाजाराच्या दिवशी ही माणसं मी कितीदा पाहिली असतील, आणि ते आपापसांत जे बोलतात ते कोरकूच असणार असं धरून चाललो. त्यांच्या भाषेवर १९६२ मध्ये कायपर नावाच्या डच विद्वानाने अॅमस्टरडॅममध्ये पुस्तक काढलंय, हे मला पुण्यात, पंचविशीत कळलं.

या भाषेच्या नोंदीचा इतिहास म्हणजे ऐकणाऱ्यांचा इतिहास आहे. १९०६ च्या सर्वेक्षण-खंडात स्टेन कोनोने निमाडकडून आलेल्या थोड्याशा नमुन्यांवरून तिला मुंडा कुळात बसवलं. १९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष ऐकून टिपणं प्रसिद्ध केली. कायपरने त्या साहित्यावर काम करून दाखवलं की साधारण पाव शब्द कुठूनच आलेले दिसत नाहीत. पुण्याच्या आशा मुंडले यांनी शब्दसंग्रह केला, के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढलं, आणि डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी संकटग्रस्त भाषांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहासाठी निहालीचं ध्वनिमुद्रण केलं. सुरुवातीच्या लोकांकडे फक्त कान आणि पेन्सिल होती. कानाला जे वेगळं वाटलं नाही ते कागदावर आलं नाही, आणि मग पन्नास वर्षं वाद चालला.

माझ्या आजीच्या मराठीबद्दल मी सांगू शकतो की च चा फरक अमुक पट्टीत राहतो, ळ-य चा तमुक पट्टीत. हे मला माहीत आहे कारण मराठीचा अभ्यास झालाय आणि ती बोलणारे आठ कोटी लोक आहेत. एखादी खूण गळाली तर उद्या दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग करता येईल. निहालीबद्दल हे आधीच कोण ठरवणार? कुठल्या पट्टीतला कुठला बारीक फरक अर्थ बदलतो, हे रेकॉर्डिंग तपासूनच कळणार असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी गाळणी कुठे लावायची हे ठरवायचा अधिकार कुणाला नाही. लिपी नाही, जुनी पुस्तकं नाहीत. जे आहे ते आवाजातच आहे.

मग ९६ हजार का नको, असंही मला विचारतात. संग्रह जुन्या टेपांसाठी ते वापरतात, त्यांच्याकडे कारणं आहेत. पण माणसाच्या बोलण्यात ४८ च्या वर जाऊन हाती लागण्यासारखं फारसं नाही. माझ्या खोलीत त्या पट्टीत चार्जरची शिट्टी सापडली, बाकी काही नाही. हिशेब साधा आहे. ४८ हजार, २४ बिट, एक मायक्रोफोन : तासाला साधारण ५२० एमबी. ९६ ला एक जीबी. १६ हजार, १६ बिटला ११५ एमबी. लोक सुट्टीत काढलेल्या व्हिडिओंना याच्या कितीतरी पट जागा देतात. आणि तुम्ही फोनवरच करणार असाल तर एवढं पाहा की अॅपमध्ये ‘वेव’ निवडलंय आणि आकडा ४८००० आहे. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हॉइस मेसेज म्हणजे रेकॉर्डिंग नाही. तो ऑपसमध्ये चेपलेला असतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

इंटरनेटवर जुन्या आवाजाला नवा करून देणारी एआयची साधनं आहेत. मी एका रात्री आजीची फाइल त्यातून काढली. वरचा काळोख भरला गेला. ‘स’ आला, स्वच्छ, धारदार, सगळे दात असलेल्या बाईचा. मी ती फाइल लगेच उडवली. लहानी आजीला ऐकवली नाही.

दिवाळीत पुन्हा गेलो. या वेळी छोटा रेकॉर्डर घेऊन, ४८ हजार, २४ बिट, बघून, पुन्हा बघून. लहानी आजीला खाटेवर बसवलं. तिने आधी पाणी मागितलं, मग विचारलं, “काऊन रे, मांगच्या खेपीले भरलं नवतं का?” मी म्हटलं, भरलं होतं, थोडं सांडलं. तिला ते पटलं असावं. शेजारी कुणीतरी सोयाबीनचा ट्रॅक्टर मागे घेत होतं, तो जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग लाइट गेली, पंखा थांबला, आणि रेकॉर्डरच्या पडद्यावर रातकिड्यांची रेघ हलायला लागली. तिने पदर सावरला, बांगड्या मागे सारल्या आणि शेगावच्या रस्त्यापासून सुरुवात केली.